थोरलीच्या शेवया

अल् घुब्रा, मस्कत
रविवार, ९ फेब्रुवारी २०१४

पोटच्या पोरानं परवा मला एका परक्या बाईच्या दुकानात नेऊन बसवलं आणि तिच्यासमोर म्हणाला, आई, अशा शेवया तू जन्मात खाल्ल्या नसशील. मला म्हणाला. शेवयांबद्दल. ज्याची कावीळ शेवयांच्या खिरीवर निघाली, त्या रुपेशनं मला हे शिकवावं. आणि सूनबाई दीप्ती शेजारी बसून मान हलवत होती, नंदीबैलासारखी.

असो. प्रमिला, जयभीम. मी बरी आहे, संताप सोडून. तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मी फोनवर ओरडायला लागले की दीप्ती हातातलं काम टाकून ऐकत बसते, म्हणून लिहिते. चौथी नापास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लाव.

दुकान आमच्या मागच्याच गल्लीत आहे. आपल्या गावच्या पोस्टाएवढं, सहा टेबलं. मालकीण जपानी, नाव फुमिको. वय माझ्याएवढं, पण केस काळे करते. नवरा इथं गॅसच्या कारखान्यात होता, तो वारला, ही परत गेली नाही. रांधते ती, वाढते ती, पैसेही तीच घेते. एक केरळी बाई तेवढी भांडी घासते. जपान म्हणजे बुद्धाचा देश असं आपल्याला विहारात सांगतात, म्हणून मी आपलं माणूस समजून दारातच हात जोडले आणि मोठ्यानं जयभीम घातला. बाईनं कमरेत वाकून उत्तर दिलं. मला वाटलं, ओळख पटली. नात आमूला म्हटलं, विचार तिला, तुमच्याकडे वंदना कोणत्या दिवशी असते. आमूनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, बाईनं लांबलचक काहीतरी सांगितलं, आणि आमू मला म्हणते, आजी, ती म्हणाली बसा, बोल गरम असतो. बोल म्हणजे वाडगा.

तिथं शेवयांना रामेन म्हणतात. बाई त्या काचेमागं सगळ्यांदेखत करते. भिंतीत टोक अडकवलेला एक जाडजूड वेळू आहे, त्याच्या दुसऱ्या टोकावर एक पाय टाकून बसते आणि उड्या मारते. खाली कणकेचा गोळा चेपत जातो. साठी उलटलेली बाई, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उड्या मारते आणि लांब पांढरे झगे घातलेले अरब तिचे फोटो काढतात. मग ती पोळी घडी घालून सुरीनं कापते. म्हणजे शेवया ओढतही नाही, कापते. हे तर मी शाळेत चित्रं कापायची तसं झालं.

खायला दोन काड्या दिल्या. मी चमचा मागितला. रस्सा कोंबडीच्या हाडांचा, वर अर्धं अंडं, कांद्याची पात आणि समुद्रातलं एक काळं पान, कार्बन पेपरासारखं. तिखट नावाला नाही. एक तार दाताखाली धरून पाहिली आणि तिथंच ओळखलं, हिनं पिठात पापडखार घातलाय. म्हणून पिवळ्या दिसतात आणि म्हणून रश्श्यात गळत नाहीत. सोंग सगळं वेळूचं, काम पापडखाराचं. चव वाईट नव्हती. हे कुणाला सांगू नको.

आता खरं दुखणं ऐक. आमू तिला फुमिको आजी म्हणते. मी समोर बसलेली असताना. अकरा वर्षांची घोडी, माझ्याशी बोलताना मराठी शब्द आठवायला छताकडं बघते, आणि तिथं घडाघडा. शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी थांबते, तर पोरगी घरी यायच्या आधी त्या काचेमागं जाते. त्या बाईनं तिला एप्रनसुद्धा शिवलाय. मी आल्यापासून तीन फ्रॉक शिवले, एकही अंगाला लागला नाही.

मग माझं तोंड सुटलं. आमूला म्हटलं, सांग तिला, माझ्या शेवया सुईच्या नाकातून जातात, वेळू लागत नाही की सुरी लागत नाही. त्या बाईला राग यायचा सोडून आनंद झाला. म्हणाली, करून दाखवा, माझ्या ओट्यावर. मी म्हटलं, शेवयांचा पाट गावाला आहे, महिना लागेल. तर तिनं कॅलेंडरावर १४ मार्चच्या शुक्रवारवर लाल गोल काढला. आमूनं टाळ्या पिटल्या. शाळेत तिला घरातल्या मोठ्या माणसाच्या कलेवर काहीतरी लिहून न्यायचंय, ते ती माझ्या शेवयांवर लिहिणार म्हणाली. तोवर ती त्या फुमिकोवर लिहायला बसली होती, हे तिनं सहज सांगून टाकलं.

तेव्हा आता ऐक. रुपेशच्या ऑफिसातली कल्पना नागपूरला येतेय, ८ मार्चला परत निघेल. पाट जुन्या लुगड्यात बांधून तिच्या घरी पोचता कर. आणि गोळा पाटावर कसा फिरवायचा, तार कशी सोडायची, ते पानभर लिहून दे. माहीत आहे मला, पण हाताला सवय राहिली नाही.

तुझी थोरली जाऊ,
प्रभावती

*

मु. पो. सेलू, जि. वर्धा
२८ फेब्रुवारी २०१४

बाईंना सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. इकडं सगळे ठीक. तुमच्या भाऊजींचा गुडघा तसाच.

पाट पाठवत नाही. तो माझ्या आईनं मला लग्नात दिलेला आहे. तुम्ही विसरला असाल, कारण पस्तीस वर्षं तो घरात आपला पाट म्हणूनच वापरला.

तुम्ही लिहिता, हाताला सवय राहिली नाही. बाई, सवय होती कधी? पीठ तुम्ही तिंबायच्या. तुमच्यासारखं पीठ तिंबणारी आपल्या आळीत दुसरी नव्हती, हे मी कुणाही पुढं म्हणेन. पण पाटावर मी बसायची. तार मी काढायची, खाटेवर मी वाळत घालायची, कावळे मी हाकलायची. आणि पाहुणे जेवायला बसले की आत्याबाई सासूच्या तोऱ्यात म्हणायच्या, घ्या, थोरलीच्या शेवया आहेत. घरातलं चांगलं निपजलं ते थोरलीच्या नावावर, करपलं ते धाकटीच्या. रीतच होती, आत्याबाईंना दोष देत नाही. तुम्हाला मात्र थोडा देते. आत्याबाई गेल्या, तुमचे मालक शिवरामदादाही गेले, घरं वेगळी झाली, तरी सहा वर्षं माझ्या शेवयांचा डबा मस्कतला जात होता आणि त्यावर ‘आईच्या शेवया’ अशी चिठ्ठी असायची. चिठ्ठी तुमच्या अक्षरात असायची.

मी बोलले नाही. बोलून काय मिळणार होतं? डब्याच्या बदल्यात वर्षाला एक खजुराचं पाकीट यायचं, तेही माझ्यासाठी आलेलं असायचं की तुमच्या घरातलं उरलेलं, मी विचारलं नाही. तुम्ही विमानात बसलात, समुद्र पाहिलात, आता दुकानात जाऊन कोंबडीच्या रश्श्यात शेवया खाता आणि वर तक्रार करता. मी नागपूरच्या पुढं गेलेले नाही.

तार काढणं लिहून मागता. लिहिते. गोळा लिंबाएवढा घ्यायचा. तळहाताच्या मनगटाकडच्या फुगीर भागानं पाटावर दाबत खाली न्यायचा. बोटं लावायची नाहीत. तार सुटली की हात थांबवायचा नाही. यापुढं काय करायचं ते मलाही सांगता येत नाही, हात करतो. आणि तो काही पाकिटात घालून पाठवता येत नाही.

त्या जपानी बाईचा तुम्हाला राग आलेला दिसतो. मला हेवा वाटला. दुकान तिचं, हात तिचे, आणि नावही तिचंच.

आपली,
प्रमिला

*

अल् घुब्रा, मस्कत
२० मार्च २०१४

पाट न देणारीला पत्र टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तू इकडं कान लावून बसली असशील म्हणून चार ओळी लिहिते.

शुक्रवार पार पडला. गहू अल मवालेहच्या बाजारातून रुपेशकडून आणवला, घरी भिजवला, वाळवला, दळून सपीट काढलं. दीप्ती म्हणाली, आई, मैद्याचं पाकीट मिळतं. मी तिच्याकडं नुसतं पाहिलं. पीठ फुमिकोच्याच ओट्यावर तिंबलं, तिच्या वेळूला हातही न लावता. तिनं बोट दाबून पाहिलं आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिली. शेवया झाल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. आमूनं फोटो काढले. तुझ्या पाटावाचून काही अडलं नाही.

हेव्याबिव्याचं तू जे लिहिलंस ते मी वाचलं. चुलीत घातलं असतं, पण इथं गॅस आहे.

खजूर माझ्या घरातले उरलेले नव्हते. विकतचे होते, इथल्या सीबच्या जुन्या बाजारातले.

प्रभावती

*

Al Ghubra नाही, मराठीत लिहिते: अल् घुब्रा
२३ मार्च

डिअर धाकटी आजी,

जयभीम. मी आमू. म्हणजे आम्रपाली. माझं मराठी थोडं वीक आहे, सॉरी. स्कूलमध्ये हिंदी आहे म्हणून लिहिता येतं. ॲड्रेस बाबांनी दिला. आजीला माहीत नाही मी लेटर लिहिते.

मला एक विचारायचं आहे. आजीच्या शेवया तुम्ही बघितल्या आहेत ना? कारण १४ तारखेला आजीने पीठ केलं, फुमिको आजी म्हणाली इतकं स्मूथ पीठ तिने तिच्या मदरनंतर कोणाचंच बघितलं नाही. मग शेवया काढायची वेळ आली तर आजीने हाताला रुमाल बांधला आणि म्हणाली हात दुखतो. मग फुमिको आजीने त्याच पिठाचे नूडल्स केले आणि सगळ्यांनी खाल्ले. मस्त होते. आजीने खाल्ले नाहीत. तिने बोलमध्ये चमचा फिरवला फक्त. घरी येताना फुमिको आजीने दिलेला डबा आईच्या हातात दिला, स्वतः धरला नाही.

आजी म्हणते हात बरा झाला की करेन. पण दुसऱ्या दिवशी तिने बाबांची जीन्स त्याच हाताने पिळली, पाण्याचा एक ड्रॉप राहिला नाही. म्हणून मला डाउट आहे.

मला टीचरला आजीच्या शेवयांवर लिहून द्यायचं आहे. टीचरने मेपर्यंत टाइम दिला. खोटं लिहायचं नाही असं त्या म्हणतात. आजीला विचारलं तर ती ओरडते. तुम्ही सांगा प्लीज. खरंच त्या आजीच्या आहेत ना?

तुमची,
आमू

*

मु. पो. सेलू, जि. वर्धा
१४ एप्रिल २०१४

बाईंना सप्रेम जयभीम. आज बाबासाहेबांची जयंती, चौकात सकाळपासून लाउडस्पीकर लागलाय. मला ऐकू येत नाही याचं आज पहिल्यांदा बरं वाटतंय.

शेवया झाल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, असं तुम्ही लिहिलंत. आमूचंही पत्र आलंय. तुम्हाला न सांगता टाकलंय, तिला रागावू नका. रुमालाचं कळलं. जीन्सचंही कळलं.

पोरीनं मला सरळ विचारलंय, शेवया खरंच आजीच्या आहेत ना म्हणून. तिला आजवर मी कधी काही दिलेलं नाही. ती जन्मली तेव्हा बारशाला मला बोलावणं नव्हतं, तिकीट महाग होतं म्हणे. आता तिनं आपणहून काही मागितलं तर ते हे.

मी दोन पत्रं लिहिली आहेत. एकात लिहिलंय, हो बेटा, त्या तुझ्या आजीच्याच, आम्ही सगळ्या तिच्याकडून शिकलो. दुसऱ्यात खरं ते आहे. दोन्ही पाकिटं कपाटात आहेत, तिकिटं लावून ठेवली आहेत. पहिलं टाकलं तर पस्तीस वर्षं जे झालं त्यावर मीच सही केल्यासारखं होईल. दुसरं टाकलं तर पोर तुमच्या तोंडाकडं कशी बघेल ते मला इथून दिसतंय, आणि ते बघायला मला आवडेल असं मला एक दिवस वाटलं. एकच दिवस. खोटं कशाला बोलू, दीड दिवस.

कोणतं टाकू ते तुम्ही सांगा. तुम्ही पहिलं म्हणालात तर पहिलं टाकीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

आपली,
प्रमिला

*

अल् घुब्रा, मस्कत
शनिवार, ३ मे २०१४

विषय काढणार नाही म्हणे. तू न काढता तो माझ्या डोक्यावर जन्मभर बसून राहिला असता. प्रमिलानं माझी लाज राखली, प्रमिलाचं मन केवढं मोठं. तुझ्या शेवया मी घेतल्या, आता तुझा मोठेपणाही मीच घ्यायचा का? तो मला नको. पहिलं पाकीट म्हणून मला नको होतं. आणि दुसरं तू टाकावंस आणि पोरीनं ते तुझ्या अक्षरात वाचावं, हेही नको होतं. तेव्हा कसलंच पाकीट न येता जे व्हायचं ते मीच केलं. जयभीम.

काल शुक्रवार होता. मी आपणहून म्हटलं, चला त्या जपानणीकडं. रुपेशला वाटलं मला बरं नाही. दुकानात गर्दी होती, एक ओमानी कुटुंब मुलाबाळांसह बसलं होतं, आम्हाला काचेजवळचं टेबल मिळालं. फुमिको वेळूवर होती. मला पाहून उतरली, हात पुसून आली आणि वाकली. मी या खेपेस नुसती मान हलवली, वंदनेचं काही विचारलं नाही.

बोल आले. मी आधी सगळा बोल संपवला. खरं सांगते, उपाशीपोटी मला खरं बोलता येत नाही. काड्यांनी जमलं नाही, चमच्यानं खाल्लं, खालचा रस्सा बोल तोंडाला लावून प्यायला. तिथं तसंच पितात, आवाज करून. दीप्ती इकडं तिकडं बघायला लागली. मग मी आमूला म्हटलं, तुझ्या टीचरला लिहून दे, आजी पीठ तिंबते. शेवया धाकटी आजी काढते. आजी त्या स्वतःच्या म्हणून सांगत आली आणि डब्यावर चिठ्ठी लावून पाठवत आली. हाताला काही झालेलं नव्हतं.

रुपेशच्या काड्यांतून अंडं बोलमध्ये पडलं. तो म्हणाला, आई, म्हणजे मी आजारी होतो तेव्हाची खीरसुद्धा? मी म्हटलं, खीर मीच केली. शेवया तिच्या. तो खिडकीकडं बघत राहिला, बापासारखा.

आणि आमू. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर मला खोटारडी म्हणेल. त्या हिशेबानं मी तयारी करून गेले होते, दोन उत्तरं ठरवून ठेवली होती. तिनं काय विचारावं? म्हणाली, “धाकटी आजी कशी आहे?”

बस. एवढंच. माझ्या तोंडातला शब्द संपला नाही तोवर. मी म्हटलं, कशी म्हणजे, चार माणसांसारखी आहे. तर उंच आहे का, हसते का, तिला इंग्रजी येतं का, तिच्या हाताचा फोटो मिळेल का. हाताचा फोटो. माझ्या हाताकडं पोरीनं कधी पाहिलं नाही, जीन्स पिळताना तेवढं पाहिलं. मी सांगितलं, कानानं बहिरी आहे. म्हणाली, मग मी मोठ्यानं बोलेन. मी सांगितलं, हट्टी आहे, पाट मागितला तर दिला नाही. म्हणाली, बरोबर केलं, तिचा आहे ना? ही पोरगी माझ्या घरात राहते, मी शिवलेला फ्रॉक घालत नाही, आणि न पाहिलेल्या बाईची बाजू घेते. त्या फुमिकोचा एवढा राग आला नव्हता मला, जेवढा काल तुझा आला.

फुमिकोला काय झालं ते कळेना. ती आमूला विचारत राहिली आणि आमू तुझ्या चौकशीत. शेवटी दीप्तीनं तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. चिठ्ठीसकट, एक गोष्ट सोडली नाही. सुनांना हे बरं जमतं. फुमिकोनं ऐकून घेतलं, माझा रिकामा बोल उचलला आणि न विचारता परत भरून आणला. मी तोही खाल्ला. आणि जाताना तिनं दीप्तीकरवी विचारलं, मंगळवारी सकाळी पीठ तिंबायला याल का, माझं मनगट आता पूर्वीसारखं नाही. मी म्हटलं, बघू. तिला वाट बघू दे. पण पिठाची परात कुठं ठेवते ते मी पाहून घेतलंय.

आता कामाचं. रुपेश आज सकाळी चहाच्या वेळी म्हणाला, काकीचा व्हिसा काढतो, तीन महिन्यांचा, पाटासकट बोलावू. दीप्ती लगेच म्हणाली, चांगलं होईल. आमूनं तर खोलीतली अर्धी गादी तुझ्यासाठी मोकळी करून ठेवली आहे, आपली स्वतःची. मला विचारलं नाही. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तू आलीस की इथं माझं काय राहील ते मला दिसतंय: पीठ. पहिल्यापासून तेवढंच माझं होतं म्हणा, पण निदान तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

येणार असशील तर मे महिन्यात येऊ नकोस, उन्हानं भाजून निघशील, ऑक्टोबरात ये. माझ्यासाठी काही आणू नको. भाऊजींना त्यांच्या बहिणीकडं ठेव, गुडघा दोघांनी धरून बसण्यात अर्थ नाही.

आता लक्ष देऊन वाच. कपाटातली ती दोन्ही पाकिटं फाड, तिकिटं तेवढी काढून घे. तिसरं लिही, आमूच्या नावानं. तुला काय लिहायचं ते लिही, तू कशी आहेस ते लिही, सोपं लिही, जोडाक्षरं कमी. पोरगी रोज खाली पत्रांची पेटी बघून येतेय. मी ते पाकीट फोडणार नाही, आणि तिनं वाचून दाखवलं नाही तर विचारणारही नाही. या पत्राला उत्तर मला द्यायचं नाही. तिलाच द्यायचं, आणि याच आठवड्यात.

प्रभावती